गवताला शेंगेची जोड हवी

गोठ्यातील जनावराला तुम्ही काय घालता, असे विचारले तर आपल्याकडील बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते : जे उरेल ते. भाताची मळणी झाली की पिंजर उरते, ते घालायचे. उसाची तोड सुरू झाली की वाढे मिळतात, ते घालायचे. पावसाळ्यात बांधावर जे उगवेल ते कापून आणायचे. एवढ्याने दूध निघत नाही म्हणून मग दुकानातून पेंडीची गोणी आणायची, आणि तीही बहुधा उधारीवर. सोसायटीचे दुधाचे बिल येते, त्यातून पेंडीची उधारी वजा होते, आणि हाती शेणखताखेरीज फारसे काही राहत नाही. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात उभे राहिलो की “फादर, गाय परवडत नाही” हे वाक्य हमखास कानी पडते. गेल्या काही वर्षांत कितीतरी दावणी रिकाम्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

गाय परवडत नाही हे खरे. पण ती का परवडत नाही, याचा विचार आपण पुरता केलेला नाही, असे आमचे मत आहे. दुधाचा दर आपल्या हाती नाही, पेंडीचा दरही नाही. आपल्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आपली गव्हाण. त्या गव्हाणीत आपण वर्षभर एकाच घराण्यातली वैरण टाकतो, आणि तिला जी जोड हवी ती देत नाही. गवत आणि शेंग ही जोडी एकत्र पेरली व एकत्र खाऊ घातली, तर पेंडीचा बराचसा भार ती उचलील. त्यासाठी फार जमीन लागत नाही, दहा गुंठ्यांपासून सुरुवात होते. हा विचार शेतकरी बंधुभगिनींपुढे ठेवण्यासाठीच हा लेख.

पिंजर, वाढे, गवत : एकाच घराण्यातले

भात, ऊस, ज्वारी, मका, हत्ती गवत, बांधावरचे मारवेल ही सारी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतेच आहेत. त्यांचा गुणही सारखा आणि उणीवही सारखी. पोट भरते, भारा मोठा होतो, पण प्रथिने थोडी आणि कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, तोही थोडा. पाण्याचा भाग वगळून मोजले तर भाताच्या पिंजरात जेमतेम तीन ते चार टक्के प्रथिने असतात. हिरव्या मक्यात सात ते नऊ टक्के, योग्य वेळी कापलेल्या संकरित नेपियरमध्ये आठ ते दहा टक्के. याउलट चवळीच्या हिरव्या वैरणीत पंधरा ते वीस टक्के आणि लसूणघासात अठरा ते बावीस टक्के प्रथिने असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. गाय-म्हैस स्वतः पिंजर पचवीत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते पिंजर पचवितात. या जिवांनाही खावे लागते, आणि त्यांचे खाणे म्हणजे नत्र, जे प्रथिनांतून मिळते. एकूण चाऱ्यात सुमारे सात टक्के प्रथिने नसतील तर हे जीव उपाशी राहतात, त्यांची संख्या घटते, पिंजर पोटात तसेच पडून राहते. मग गव्हाणीत पिंजर असूनही जनावर खात नाही. आपण म्हणतो, गाय खोडकर आहे, वैरण टाकते. वास्तविक तिचे पोट रिकामे झालेलेच नसते. त्याच पिंजराबरोबर चार-पाच किलो चवळी किंवा लसूणघास दिला तर तेच जनावर तेच पिंजर जास्त खाते आणि चांगले पचवते. द्विदल वैरणीचा हा खरा लाभ आहे. ती स्वतःचे पोषण देते, शिवाय पिंजरातले अडकलेले पोषणही मोकळे करते.

दुसरी गोष्ट वाढ्यांची. बेळगाव जिल्हा उसाचा. तोडीच्या हंगामात फुकट किंवा थोड्या पैशांत वाढे मिळतात, म्हणून चार-पाच महिने जनावरे वाढ्यांवरच काढणारी घरे पुष्कळ आहेत. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला पोटातच बांधून ठेवतो आणि शेणावाटे बाहेर नेतो. पिंजरातही ऑक्झलेट असते आणि नेपियरच्या कोवळ्या पाल्यातही असते. गाय तर दुधातून रोज कॅल्शियम देत असते. आत येणारे थोडे, त्यातले बांधले जाणारे बरेच, आणि बाहेर जाणारे भरपूर, असा हिशेब झाला की तूट हाडांतून भरली जाते. गाय रोडावते, दूध घटते, वेळेवर माजावर येत नाही. मग आपण डॉक्टरला बोलावतो आणि सुईचे पैसे मोजतो. शेंगवर्गातल्या वैरणीत गवताच्या मानाने कॅल्शियम कितीतरी अधिक असते. वाढे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. हाती आलेली वैरण फेकून देणे शेतकऱ्याला शोभत नाही. पण केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नका, त्यांना शेंगेची जोड द्या, आणि चांगले खनिज मिश्रण मात्र रोज चालू ठेवा.

शेंगेच्या मुळाशी

चवळीचे रोप फुलावर येण्याच्या सुमारास हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांना मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतील. गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर समजावे की ती काम करीत आहे. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली ते प्रथम वेगळे करून दाखविले. ते हवेतला नत्र पकडून रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर देते. युरियाच्या गोणीत जो नत्र आपण विकत घेतो, तोच नत्र हे जिवाणू आपल्या शेतात फुकट तयार करतात.

या नत्राविषयी कोणी अतिशयोक्ती करू नये. चवळीच्या शेजारी पेरलेल्या मक्याला त्याच हंगामात तो सगळा मिळतो, असे नाही. थोडा मिळतो. खरा फायदा दोन ठिकाणी होतो. शेंगेचे पीक स्वतःचा नत्र स्वतः मिळवीत असल्याने जमिनीतला नत्र मक्याच्या वाट्याला अधिक राहतो, आणि मुळे-गाठी जमिनीत कुजल्या की पुढच्या पिकाला लाभ होतो. म्हणून जोड पिकाला युरियाचा मारा करू नये. नत्र फार झाला तर गाठी नीट धरत नाहीत, गवत माजते आणि शेंगेला सावलीत दडपून टाकते. शेणखत द्यावे, थोडे स्फुरद द्यावे आणि पेरणीपूर्वी बियाण्याला त्या त्या पिकाचे रायझोबियम चोळावे. चवळीचे वेगळे, लसूणघासाचे वेगळे, हे विसरू नये.

आपल्या वाडवडिलांना रायझोबियम हा शब्द ठाऊक नव्हता. पण ज्वारीच्या ओळींत तुरीची ओळ आणि हुलगा-चवळीचे चार दाणे टाकल्याशिवाय ते पाभर सोडीत नसत. कडब्याच्या पेंढीत चवळीचा वेल आपोआप येई आणि जनावर तो आधी वेचून खाई. भातकापणीनंतर ओलीवर मसूर-वाटाणा करण्याची आपल्या भागाची रीत आहे, आणि त्याचे भुसकट गोठ्यात जाते, तेही त्याच शहाणपणातले. एकाच पिकाचे सलग शेत ही अलीकडची सवय आहे. तेव्हा आम्ही सांगतो ते काही परदेशी नवल नव्हे. जुनीच रीत मोजमापाने पुन्हा सुरू करायची आहे.

नुसते नेपियर किंवा नुसता घास का नको

कोणी म्हणेल, गवत एकीकडे लावू, घास दुसरीकडे लावू, एकत्र कशाला? त्याला तीन कारणे आहेत.

पहिले, जनावराच्या पोटाचे. शेंगेचा ओला पाला एकट्याने आणि उपाशीपोटी दिला तर पोटफुगी होते, आणि फुगलेले जनावर तासा-दोन तासांत दगावू शकते. गवताबरोबर मिसळलेला असला की हा धोका पुष्कळ कमी होतो. दुसरे, मुरघासाचे. नुसत्या चवळीचा किंवा घासाचा मुरघास नीट होत नाही, कारण त्यात साखर कमी असते आणि तो आंबण्याऐवजी सडतो. मक्याबरोबर एक तृतीयांशापर्यंत चवळी असली तर मुरघास चांगला मुरतो आणि त्याचा कसही वाढतो. तिसरे, जमिनीचे. मका उंच जातो, चवळी खाली पसरते. ऊन, ओल आणि माती यांची वाटणी होते, तण दबते, पावसाच्या सरीने माती वाहून जात नाही.

अलीकडे मोबाईलवर कोणत्या ना कोणत्या ‘सुपर’ गवताची जाहिरात फिरते. सतरा-अठरा टक्के प्रथिने, पेंड बंद करा, असा दावा असतो आणि एकेका कांडीला चढा दर घेतला जातो. शेतकऱ्यांना आमचे सांगणे आहे की गवत कोणत्याही नावाचे असले तरी ते गवतच. फार कोवळे असताना त्यातली प्रथिने थोडी वाढतात, पण तेव्हा भारा भरत नाही; भारा भरला की प्रथिने उतरतात. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. चांगले बेणे हवे तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’ व ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियरचे वाण आहेत. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र तर आपल्या शेजारी धारवाडलाच आहे. तेथे चौकशी करावी. पैसे जाहिरातीवर घालवू नयेत.

कोणत्या जमिनीत कोणती जोडी

पाण्याची सोय असलेल्या जमिनीसाठी सर्वांत सोपी जोडी मका आणि चवळी. एक फूट अंतराने ओळी काढाव्यात आणि मक्याच्या दोन ओळींमागे चवळीची एक ओळ घ्यावी. दहा गुंठ्यांस मका पाच किलो आणि चवळी दीड किलो पुरते. मक्यात ‘आफ्रिकन टॉल’ हा वाण वैरणीसाठी प्रसिद्ध आहे. चवळीत ‘श्वेता’ किंवा ‘ईसी ४२१६’ घ्यावी. साठ ते सत्तर दिवसांत, मका तुऱ्यावर आणि चवळी फुलावर असताना, दोन्ही एकत्र कापावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेली ही जोडी एप्रिल-मेमध्ये हाती येते, म्हणजे हिरव्या वैरणीचा सर्वांत मोठा दुष्काळ असतो नेमक्या तेव्हा. सगळे क्षेत्र एकाच दिवशी पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी दोन-तीन गुंठे पेरले तर रोजचा भारा ताजा मिळतो.

ज्यांना एकदा लावून तीन-चार वर्षे कापायचे आहे त्यांनी संकरित नेपियर लावावे, पण त्यात दशरथ गवताच्या ओळी घ्याव्यात. नावात गवत असले तरी दशरथ हे शेंगवर्गातले झुडूप आहे. नेपियरच्या तीन ओळींमागे दशरथची एक ओळ पुरेशी होते. दशरथचे बी कठीण सालीचे असते. उकळीला येण्यापूर्वीच्या कडकडीत पाण्यात चार मिनिटे ठेवून मग थंड पाण्यात भिजवावे, म्हणजे उगवण चांगली होते. नेपियर तीन फूट बाय दोन फुटांवर लावावे. पहिली कापणी सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी, पुढच्या दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, जमिनीपासून वीतभर उंची राखून. माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत वाट पाहू नये. तो डोळ्यांना सुख देणारा चिपाडांचा भारा असतो, जनावराला त्यातले थोडेच लाभते.

हिवाळ्यात निचऱ्याची जमीन आणि पाणी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसूणघास पेरावा. दहा गुंठ्यांस अडीच किलो बी लागते. ‘आरएल ८८’ हा राहुरीचा वाण आहे. पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी, पुढे महिन्याच्या आत-बाहेर. बी घेताना ते अमरवेलाच्या बियांपासून मुक्त आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे सगळा घास खाऊन टाकते. अमरवेल दिसताच तेवढा तुकडा फुलण्याआधी मुळासकट काढून जाळावा. लसूणघासाच्या शेजारी ओटाच्या काही ओळी घेतल्या तर कापणीला दोन्ही मिळतात. इंदूर-ग्वाल्हेरकडचे नातेवाईक बरसीमची स्तुती करतात, ती योग्यच आहे. पण बरसीमला तिकडची थंडी लागते. आपल्या सौम्य हिवाळ्यात लसूणघासच बरा.

खानापूरच्या पश्चिमेकडील धो-धो पावसाच्या गावांत जून-जुलैमध्ये चवळी पाण्यात बसून कुजते. तेथे भाताच्या खाचरात हा प्रयोग करू नये. तेथे उताराची भरड जागा निवडावी, किंवा भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तर ओट व वाटाणा अशी जोडी घ्यावी. ओटाच्या दोन ओळींमागे वाटाण्याची एक. वाटाणा ओटाच्या आधाराने चढतो आणि ओट फुलावर आला की दोन्ही कापता येतात.

माळरान, बांध आणि कोरडवाहू पडीक यांसाठी मारवेल आणि स्टायलो ही जोडी आहे. स्टायलो हे दक्षिण अमेरिकेकडून आलेले शेंगवर्गातले चिवट रोप असून हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरते. त्याच्या बियालाही दशरथसारखीच गरम पाण्याची प्रक्रिया करावी. पहिल्या वर्षी तेथे जनावर अजिबात चरू देऊ नये. बी पडून पुन्हा उगवले की कुरण आपोआप दाट होते.

बांधावर सुबाभूळ चालते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने तिचा मोठा प्रसार केला. मात्र तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. एकूण हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाला देऊ नये, नाहीतर केस गळतात, जनावर खंगते. शेंगा धरण्याआधी छाटत राहावे, म्हणजे ती शेतभर पसरत नाही.

हिशेब करून पाहा

आम्ही अर्थशास्त्री नव्हे, पण साधा गुणाकार सर्वांनाच येतो. पेंडीच्या गोणीवर वीस टक्के प्रथिने लिहिलेली असतात, म्हणजे एका किलोत दोनशे ग्रॅम. दहा किलो हिरव्या लसूणघासात सुमारे दोन किलो कोरडा अंश असतो आणि त्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने. पेंडीत ऊर्जा अधिक असते, म्हणून हिशेब अगदी सरळ बरोबरीचा नाही. तरीही दहा किलो घासाने एक किलो पेंड वाचते, असे मानायला हरकत नाही. आठ-दहा लिटर देणाऱ्या गाईला रोज चार-पाच किलो पेंड घालणारे घर त्यातली दीड-दोन किलो वाचवू शकले, तर महिन्याकाठी एका गाईमागे पंचेचाळीस ते साठ किलो पेंड वाचते. आजच्या तुमच्या दुकानातल्या दराने ते गुणून पाहा. पंधरा-वीस लिटरच्या गाईला पेंड लागणारच. तिची पेंड एकदम तोडू नये. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

जमिनीचेही असेच. नीट पाणी-खत दिलेल्या दहा गुंठे नेपियरपासून वर्षाला दहा टन हिरवी वैरण मिळणे अवघड नाही. म्हणजे दिवसाला सत्तावीस किलो. ही एका गाईची सोय झाली. “माणसालाच जमीन पुरत नाही, जनावराला कुठली द्यायची?” असे म्हणणाऱ्याने आधी पेंडीच्या उधारीत किती गुंठ्यांचे उत्पन्न जाते ते मोजावे. दहा गुंठे जनावराला दिले नाहीत म्हणून ते वाचले, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते दुकानदाराला दिलेले असतात.

शिवाय वैरणीची बेगमी हा अडीअडचणीचा आधार आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला तेव्हा आणि २०२३ मध्ये पाऊस हटला तेव्हाही जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी जनावर मातीमोल विकावे लागते, कारण सगळेच विकायला निघतात. ज्याच्याकडे मुरघासाच्या दहा-बारा पिशव्या आणि कोरडी गंज आहे, त्याला बाजाराची घाई नसते.

काही खबरदारी

शेंगेची वैरण कापून तीन-चार तास सुकू द्यावी. सकाळच्या दवात भिजलेली, उपाशीपोटी देऊ नये. आधी थोडे पिंजर घालावे. डाव्या कुशीला फुगवटा दिसला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यास बोलवावे. ज्वारीचे कोवळे किंवा पाण्याअभावी सुकलेले धाट विषारी असते, ते फुलण्यापूर्वी देऊ नये. गाभण गाय व्यायला दोन-तीन आठवडे असताना लसूणघास कमी करावा. त्या काळात कॅल्शियम फार मिळाले तर व्यायल्यावर शरीर हाडांतले कॅल्शियम चटकन काढू शकत नाही आणि गाय बसण्याचा धोका वाढतो. चवळीवर मावा पडला म्हणून औषध मारले असेल, तर डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय ती वैरण गोठ्यात आणू नये. ते विष दुधातून आपल्याच घरात येते.

भारा कोणाच्या डोक्यावर

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा.

आपल्या गावांत वैरण आणण्याचे काम बहुतांशी बायका करतात. पावसात चिखल तुडवीत, उन्हाळ्यात दोन-दोन मैल चालून, वीस-पंचवीस किलोचा भारा डोक्यावर घेऊन. मान आणि कंबर धरली म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या भगिनींना गोळ्या मिळतात, भारा मात्र कमी होत नाही. दुधाचे बिल बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर येते. घराजवळच्या दहा गुंठ्यांत वैरण उभी असेल तर हे रोजचे दोन-तीन तास वाचतात. म्हणून वैरणीचा तुकडा कोठे करायचा, हे ठरविताना घरच्या बाईला विचारा. ‘तिथे पाणी जवळ आहे’ यापेक्षा ‘तिथून गोठा जवळ आहे’ हे कारण मोठे माना.

आणि दुधाविषयी. ज्या घरात दोन गाई आहेत त्या घरातली मुले कोरा चहा पिऊन शाळेत जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पेंडीची उधारी फेडायची असते, म्हणून शेवटचा मापटाभर दूधही सोसायटीच्या किटलीत जाते. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नाइलाज आम्हांस समजतो. पण गव्हाणीत शेंग आल्याने जे अर्धा-एक लिटर वाढेल किंवा जी पेंड वाचेल, तिच्यातला पहिला वाटा घरातल्या मुलांचा, गरोदर सुनेचा आणि म्हाताऱ्या माणसांचा असावा. दूध नीट उकळून द्यावे. तसे झाले नाही, तर गोठा सुधारला आणि घर तिथेच राहिले, असे होईल.

अडचणी आहेत. बी वेळेवर मिळत नाही, मोकाट गुरे येतात, शेजारी हसतात. बियाची अडचण एकेकट्याने सुटणार नाही. एका वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मका-चवळीचे बी आणावे आणि त्यांतल्या एकाने चवळीचे दोन गुंठे बियासाठी राखावेत, म्हणजे पुढच्या वर्षी विकत घ्यायला नको. मोकाट गुरांचा प्रश्न गावाने बसून सोडवावा. ज्याची गुरे, त्याची जबाबदारी. हसणाऱ्या शेजाऱ्याला सत्तराव्या दिवशी एक भारा नेऊन द्यावा.

आमची मागणी मोठी नाही. पाणी असेल त्याने येत्या हंगामात पाच-दहा गुंठ्यांवर एक जोडी करावी. पाणी नसेल त्याने एका बांधावर मारवेल-स्टायलो लावावे. पेरणीची तारीख, पेंडीचे किलो आणि दुधाचे लिटर हे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत. वहीत जे निघेल त्यावर विश्वास ठेवावा, आमच्या शब्दावर नव्हे. गाय ठेवायची की विकायची, हा निर्णय तुमचा आहे. तो करण्यापूर्वी तिला एकदा पोटभर आणि जोडीचे खायला घालून पाहावे, एवढेच आमचे सांगणे.